साडेवीस आणि साडेतेवीस: राजेंद्र नगरातल्या एका स्वयंपाकघराचं प्रकरण

"म्हणजे मी पास की नापास?" काकांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि चष्मा कपाळावर चढवला.

कागदावर त्यांच्या आहाराचे गुण लिहिले होते, २०.५, ४९ पैकी. शेजारी काकूंचा आकडा होता २३.५. एकच ओटा, एकच कुकर, एकच पोळ्यांचा डबा, आणि तरी तीन गुणांचा फरक. काकूंनी काकांकडे पाहून भुवया उंचावल्या. पण गंमत अशी, की त्या घरात रक्तदाबाची गोळी काकूंना चालू होती, मधुमेह काकूंना होता आणि पथ्यावर त्यांचीच जास्त बोलणी खाऊन झाली होती. काकांना फक्त एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १४२ आणि मोठ्या भावाला ५३ व्या वर्षी आलेला झटका, एवढीच पुंजी.

आहारसल्ल्याचं काम इंदुरात बरीच वर्षं करते आहे. हे प्रकरण लिहून ठेवावंसं वाटलं, कारण आहाराला गुण देण्याच्या पद्धतीचं बळ आणि तिचा आंधळेपणा, दोन्ही या एका घरात समोरासमोर दिसले. ओळख पटू नये म्हणून दोन-चार तपशील बदलले आहेत. ताटातले आकडे मात्र मोजलेले आहेत तसेच.

काका ५८ वर्षांचे, बँकेतून स्वेच्छानिवृत्त. काकू ५४. मुलगी २७ वर्षांची, घरूनच काम करते. तिनेच मला बोलावलं. कुटुंब तीन पिढ्यांपासून इंदुरात. आजोबा होळकरांच्या दफ्तरात होते असं काका सांगतात. शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, दारू-तंबाखू नाही. "आमच्यात काही वाईट खाणं नाहीच," हे वाक्य पहिल्या पंधरा मिनिटांत तीनदा ऐकलं.

मग काकांची सकाळ. सहाला फिरायला जातात, सातला कोपऱ्यावरच्या ठेल्यावर मित्रमंडळी जमते. पोहे-जलेबी, आठवड्यातून पाच दिवस. मी मुलीला तीच प्लेट बांधून आणायला लावली आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर एकेक पदार्थ वेगळा करून ठेवला. वाफेवरचे पोहे १४० ग्रॅम. वरची सेव २८ ग्रॅम. जलेबीचे दोन वेढे ६२ ग्रॅम. कांदा, कोथिंबीर, अनारदाणे आणि जीरावण (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला) मिळून जेमतेम १५. लिंबाची फोड पिळून झालेली. काका काट्याकडे असे पाहत होते की जणू सोनं तोलतोय.

"सेव तर चण्याचीच ना गं? मग ती डाळीत धर."

प्रश्न बिनतोड होता. यावर पुढे येते.

पद्धत वापरली ती ग्लोबल डाएट क्वालिटी स्कोअरची. २०२१ साली ती मांडली गेली आणि तिच्यात खाण्याचे २५ गट आहेत. १६ गट खाल्ल्याने गुण मिळतात: पालेभाज्या, डाळी-कडधान्यं, दाणे-बिया, फळांचे तीन प्रकार, अख्खी धान्यं वगैरे. सात गट जितके कमी खाल तितके गुण: मैदा-पांढरा तांदूळ, मिठाई, गोड पेयं, फळांचा रस, बटाट्यासारखी कंदमुळं, विकतचं तळण, प्रक्रिया केलेलं मांस. उरलेले दोन, म्हणजे तांबडं मांस आणि सायीसकटचं दूध-दही, बेताने खाल्ले तर चांगले आणि अति झाले तर शून्य. एकूण ४९. २३ आणि वर म्हणजे कमी जोखीम, १५ पेक्षा खाली म्हणजे जास्त, मधे मध्यम. ही पद्धत मुळात लोकसंख्येसाठी केलेली आहे, एकेका माणसाची पत्रिका मांडायला नाही. तरी मी ती घेतली, कारण तिच्यात 'विकतचं तळण' हा वेगळा रकाना आहे. इंदुरात बसून तो रकाना नसलेली पद्धत वापरणं म्हणजे गावातली निम्मी हकिकत गाळणं.

दोघांचंही तीन दिवसांचं खाणं लिहून घेतलं: रविवार, सोमवार, बुधवार. सरासरी काढली.

काकांचे खाल्ल्याचे गुण ३२ पैकी ११.५. वरण रोज दोन वाट्या, म्हणजे डाळीचे पुरे ४. पोळ्यांचे २. घरातल्या सोयाबीन तेलाचे २. भाजीत पडणाऱ्या दाण्याच्या कुटाचे २, जे आपल्या घरांत कुणी 'सुकामेवा' म्हणून मोजतच नाही. केळ्याचा १. फ्लॉवर आणि इतर भाज्यांचे पाव-पाव. पालेभाजी शून्य, पोह्यांवरची कोथिंबीर सरासरी १३ ग्रॅमच्या उंबरठ्यापर्यंत पोचली नाही. संत्र-मोसंबी शून्य, पपई-आंबा शून्य, गाजर शून्य.

न खाल्ल्याचे (आणि बेताने खाल्ल्याचे) १७ पैकी ९. इथे मी थांबले. सॉसेज खात नाहीत म्हणून २, थंडं पीत नाहीत म्हणून २, पॅकबंद रस घरात येत नाही म्हणून २. हे सहा गुण काकांनी कमावलेलेच नाहीत, त्यांच्या ताटात तो मोह कधी आलाच नव्हता. दूध-दह्याचे २, बटाटा बेताचा म्हणून १. आणि जिथे खरी परीक्षा होती तिथे तिन्ही रकाने कोरे: पोहे-भात-टोस्ट शून्य, मिठाई शून्य, विकतचं तळण शून्य.

सेवेचा हिशेब असा. डाळीचा रकाना वरणानेच भरलेला होता, तिथे सेव ओतून एकही गुण वाढत नाही. तळणाच्या रकान्यात मात्र पोह्यांवरची, वरणभातावरची, संध्याकाळच्या चहासोबतची, अधूनमधून कचोरी, असं सगळं मिळून सरासरी ६४ ग्रॅम झालं. ४५ च्या पुढे शून्य. काकांना हे पटलं. म्हणजे निदान वाद थांबला.

चहावर मी स्वतः अडले. दिवसाला चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर. गोड पेयांत धरावा तर दोन गुण जातात, न धरावा तर साखर कुठेच दिसत नाही. गोड पेयांचा रकाना मी बाटलीबंद पेयांपुरता ठेवला आणि चहाची साखर समासात वेगळी लिहिली. दुसरी कुणी आहारतज्ज्ञ असती तर कदाचित १८.५ लिहिले असते. कागदावरचा दशांश पाहून लोकांना वाटतं हे मोजमाप थर्मामीटरइतकं चोख आहे. तसं ते नाही.

आता काकू.

त्या ठेल्यावर जात नाहीत. सकाळी उरलेल्या पोळीची फोडणीची पोळी, नाहीतर उपमा. मिठाई जवळजवळ बंद. तिचे दोन्ही गुण, तळणाचा एक. मेथी-पालक करतात तेव्हा शेवटी जेवतात, म्हणून वाट्याला थोडीच येते, पण तेवढ्यावरही २. पोळ्या-तेलाचे चार, डाळीचे दोन, भाज्यांचे पाव-पाव, केळ्याचा एक. आणि दाण्यांचे पुरे ४.

हे ४ कुठून आले ते पाहिल्यावर मला हसू आलं. सोमवारचा उपवास! साबुदाण्याच्या खिचडीत ३० ग्रॅम कूट. बाकीच्या दोन दिवशी सहा-सहा. सरासरी १४, उंबरठा १३. खिचडीतलं चार ग्रॅम कूट कमी पडलं असतं तर थेट दोन गुण गेले असते आणि काकू 'कमी जोखीम'मधून 'मध्यम'मध्ये घसरल्या असत्या. सोमवार वगळून दुसरा साधा वार धरला, तर कूट आणि उपवासाचं केळं दोन्ही जातात, साबुदाणा-बटाटा गेल्याने एक गुण परत येतो, आणि बेरीज होते १९.५. काकांच्याही खाली.

आणि त्याच सोमवारी, खिचडी खाऊन दोन तासांनी, काकूंच्या ग्लुकोमीटरवर २४६ आलं होतं. वहीत त्यांनीच लिहून ठेवलेलं. म्हणजे ज्या वाटीने गुण चढवले, तिनेच साखर चढवली. गुणपद्धती चुकली असं म्हणणार नाही. शेंगदाणे खरोखर चांगलेच आहेत, आणि साबुदाण्याचं वजन तिने कंदमुळांच्या रकान्यात पकडलंही. पण तिथे दंड दोन गुणांचा, दाण्यांचं बक्षीस चारांचं. मधुमेही माणसासाठी हा तराजू बनवलेलाच नाही.

शिवाय मीठ. २५ गटांत मीठ नाही. अमेरिकेत हार्वर्डच्या संशोधकांनी बनवलेल्या अल्टरनेट हेल्दी ईटिंग इंडेक्समध्ये सोडियमचा स्वतंत्र रकाना आहे, ११ रकान्यांना प्रत्येकी १०, एकूण ११०. पण त्याच्या तऱ्हा वेगळ्या. त्यात बेताने मद्य घेणाऱ्याला १० आणि अजिबात न घेणाऱ्याला २.५. माशांतल्या ओमेगा-३ चा रकानाही आहे, तिथे आपले शाकाहारी जवळपास कोरेच राहतात. काकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "साडेसात गुणांसाठी या वयात सुरू करू का?" काकूंनी उत्तर दिलं, मी नाही.

मिठासाठी मी जुनी युक्ती केली. पुडा कधी फोडता, कधी संपतो? एक किलोचा, ३१ दिवसांत, खाणारी तीन माणसं. १००० भागिले ३१ भागिले ३, म्हणजे माणशी जवळपास ११ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना सांगते दिवसाला ५ च्या आत. थोडं मीठ भाज्या धुण्यात, थोडं लोणच्याच्या बरणीत जातं हे खरं, पण विकतची सेव, पापड, जीरावण यांतलं मीठ या पुड्यात नाहीच. काकूंचा वरचा रक्तदाब १५२ होता. २३.५ च्या कागदावर याचा मागमूस नव्हता.

दुसऱ्या भेटीत काकांनी मनातलं विचारलं. "ते गुण-बिण ठीक. मला भावासारखा अटॅक येणार का, ते सांग."

हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि लोक ते एक करतात. डॉक्टर दहा वर्षांची जोखीम काढतात तेव्हा वय, लिंग, धूम्रपान, वरचा रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल बघतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या तक्त्यांत हेच आहे, दक्षिण आशियासाठी वेगळा तक्ता आहे, आणि त्यात 'भाजी किती खाता' हा प्रश्न कुठेच नाही. भावाचा झटकाही त्यात नाही, तो डॉक्टर आपल्या अकलेने जमेस धरतात. आहाराचा आकडा येतो दुसऱ्या रस्त्याने: हजारो माणसांना वर्षानुवर्षं प्रश्नावल्या देऊन, कुणाला हृदयविकार झाला ते मोजून. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका विश्लेषणात अमेरिकेतल्या तीन दीर्घकाळच्या अभ्यासांतली २,०९,१३३ माणसं होती. चार वेगवेगळ्या गुणपद्धती लावल्या. प्रत्येकीत सर्वांत वरच्या पाचव्या हिश्श्यातल्यांना सर्वांत खालच्यांपेक्षा हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकाराची जोखीम १४ ते २१ टक्के कमी आढळली.

हे २१ टक्के काकांना मी असं सांगितलं: समजा तुमच्यासारख्या शंभर जणांत दहा वर्षांत दहांना त्रास होणार असेल, तर वरच्या गटातल्या शंभरांत आठांना होईल. ते दोघे कोण, ते कुणालाच कळणार नाही. काका गप्प झाले. बँकेतला माणूस, टक्केवारी कशी फसवते ते त्यांना पक्कं ठाऊक. मग म्हणाले, "दोन कमी, हे पण काही कमी नाही."

चांगलं खाणारे बहुधा चालतातही, झोपतातही, तपासण्याही करून घेतात. संशोधक तो भाग हिशेबातून वजा करायचा प्रयत्न करतात, पूर्ण होत नाही. तरीही वेगवेगळ्या पद्धती, वेगवेगळे गट आणि एकाच दिशेची उत्तरं, म्हणून मी हे गांभीर्याने घेते.

आणि 'आम्ही शाकाहारी' या ढालीचं काय? २०१७ साली याच तीन अभ्यासांतून वनस्पतीजन्य आहाराचे दोन आकडे वेगळे काढले गेले. डाळी, दाणे, फळं, भाज्या, अख्खी धान्यं यांचा आहार, आणि मैदा, बटाटा, साखर, गोड पेयं यांचा. दोन्ही वनस्पतीचेच. पहिला प्रकार सर्वांत जास्त खाणाऱ्यांत, सर्वांत कमी खाणाऱ्यांपेक्षा, हृदयविकाराची जोखीम २५ टक्के कमी, दुसऱ्या प्रकारात ३२ टक्के जास्त. पोहे-जलेबी-सेव ही तिन्ही नावं या दुसऱ्या यादीत अगदी आरामात बसतात. हे काकांना सांगताना मी जरा मजा घेतली, कबूल करते.

दुधाबद्दल मात्र मी त्यांच्या बाजूने बोलले. २०२३ सालच्या प्युअर अभ्यासात २१ देशांतल्या १,४७,६४२ जणांचा आहार फक्त सहा पदार्थांवर तोलला होता: फळं, भाज्या, दाणे, डाळी, मासे आणि दूध-दही, तेही मुख्यतः सायीचं. पाच-सहा गुणवाल्यांना शून्य-एकवाल्यांपेक्षा हृदय-रक्तवाहिन्यांचा विकार १८ टक्के कमी. त्या पद्धतीत वाईट पदार्थांचा रकानाच नाही. काय खाऊ नये याची यादी हातात न देता काय राहून गेलं एवढंच विचारायचं. माझ्या मते आपल्या घरांत बोलणं सुरू करायला हाच रस्ता बरा, कारण 'जलेबी बंद' म्हटलं की माणूस दुसऱ्या भेटीला येत नाही.

म्हणून काकांच्या कागदावरच्या शून्यांपैकी मी आधी पालेभाजीचं धरलं. त्या एका रकान्यात ४ गुण पडून होते. वेगळी भाजी नको, वरणातच पालक. मूठभर नाही, निवडलेली अर्धी जुडी. संध्याकाळच्या सेवेच्या जागी भाजलेले, बिनमिठाचे शेंगदाणे, एक मूठ, २० ग्रॅम. हिवाळा तोंडावर होता, नागपुरी संत्री हातगाड्यांवर आली होती, दिवसाआड एक. जलेबी रविवारी. पोहे तसेच राहू दिले. सकाळी सातचा तो ठेला म्हणजे नुसतं खाणं नाही, निवृत्त माणसाचं ऑफिस आहे. ते मोडलं तर फिरणंही बंद पडेल, अशी मला भीती होती.

डॉक्टरांनी एलडीएल आणि भावाचा इतिहास पाहून काकांना स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, सुरू केली. काकांनी विचारलं, गुण वाढवून दाखवले तर गोळी टळेल का? मी सांगितलं, हा व्यवहार माझ्या हातात नाही, आणि असता तरी केला नसता.

चार महिन्यांनी पुन्हा तीन दिवस मोजले. मिठाई शून्यावरून १, तळण शून्यावरून १, संत्र्याचा १, दाणे २ वरून ४, पालेभाजी शून्यावरून २. बेरीज २७.५. पालक सरासरी ३० ग्रॅम भरला होता. ३७ च्या पुढे गेला असता तर आणखी दोन. एलडीएल उतरलं, पण त्यात गोळी किती आणि पालक किती हे वेगळं काढता येत नाही, म्हणून तो आकडा इथे लिहीत नाही.

काकूंना मी गुण दाखवायचे बंदच केले. त्यांच्यासाठी दोनच गोष्टी: उपवासाला साबुदाण्याऐवजी भगर, इथे दुकानात मोरधन म्हणून मागावी लागते, तीही लहान वाटी, सोबत दाण्याची आमटी आणि काकडीची कोशिंबीर; आणि मीठ. भगरीवर त्या नाराज होत्या. "आजेसासूबाईंपासून सोमवारी साबुदाणा आहे." महिन्यातून एक सोमवार साबुदाण्याचा, असं ठरलं. उरलेल्या सोमवारी दोन तासांनंतरची साखर १८० ते १९५ च्या दरम्यान राहिली. कमी म्हणावी अशी नाही, पण २४६ पुन्हा दिसली नाही.

मिठाचं त्यांनी आपल्या डोक्याने केलं. पुडा फोडला की त्यावर बॉलपेनने तारीख घालायची. कणकेतलं मीठ आधी गेलं, मग कोशिंबिरीतलं, मग पापड रोजचा रविवारचा झाला. पहिल्या पंधरवड्यात काकांनी ताटात वरून मीठ घेतलं, मुलीने मिठाची वाटी टेबलावरून उचलून ओट्यावर नेली.

गेल्या आठवड्यात काकूंचा फोन आला. तारखेचा पुडा, त्या दिवशी अडतिसावा दिवस.

"पाव किलो अजून शिल्लक आहे गं," त्या म्हणाल्या, "आणि ह्यांना विचार, वरणाला चव आहे की नाही." मागून काकांचा आवाज आला, पण काय म्हणाले ते कुकरच्या शिट्टीत ऐकू आलं नाही.